चिरेखाणीतली सावकाश गाडी

रिमोटवर चालणारी गाडी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती भन्नाट सुटलेली, वळणावर कोलांटी खाणारी आणि आठवड्याभरात कपाटावर जाऊन बसलेली. रॉक क्रॉलरची जातच निराळी. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही ही सावकाश जाते. तिला रस्ता नको असतो, दगड हवा असतो. पाच-सहा फुटांची खडकाळ चढण पार करायला तिने दहा मिनिटे घेतली तर चालवणारा खूश असतो. बाहेरून ते खेळणे दिसते. उघडून पाहिले तर आत खऱ्या जीपचा सगळा सांगाडा आहे: पोलादी चासी, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, बहुधा कायम लॉक केलेले डिफरन्शियल, चार शॉकअप आणि मऊ रबराचे टायर. माप एकास दहा, वजन अडीच ते साडेतीन किलो.

गोव्याच्या किनाऱ्यावर हिला फारसे काम नाही. हिचा मुलूख उत्तरेला. पेडण्यात मोपा, तांबोसे, धारगळ या बाजूचे सडे, म्हणजे उघडी कातळ पठारे, आणि त्यांच्या कडेच्या चिरेखाणी. डिचोलीत मये, लामगाव, साखळी, हरवळे. दोन्ही तालुक्यांत पायाखाली बहुतेक ठिकाणी जांभा. घरे त्याची, गडगे त्याचे, विहिरी त्यात खोदलेल्या. हरवळ्याची आणि लामगावची लेणीही त्यातच कोरलेली. क्रॉलरच्या डब्यातून जे सेटिंग येते ते या दगडासाठी केलेले नसते, आणि इथल्या पावसासाठी तर नसतेच नसते. गाडी तीच राहते. पण शॉकअप, टायर आणि वजन या तीन गोष्टी इथे आल्यावर नव्याने बसवाव्या लागतात.

या छंदाचा जन्म कुठल्या दगडावर झाला ते पाहिले की कारण कळते. खऱ्या जीप घेऊन दगडांवर जाण्याचा नाद अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ साली पहिला ‘जीपर्स जंबोरी’ झाला. तिथला दगड ग्रॅनाइट. यूटामधले मोआब ही दुसरी पंढरी. तिथे वालुकाश्म, ज्यावर रबर असे चिकटते की जीप भिंतीवर चढल्यागत उभी राहते. लहान गाड्यांत जपानच्या तामियाने १९८५ साली ‘ब्रूझर’ काढली तेव्हा तिच्यात खरीखुरी तीन गिअरची पेटी होती. पण आजच्या धाटणीचा क्रॉलर रुळला तो कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅक्सियल कंपनीच्या ‘एससीएक्स-१०’ पासून; मग २०१७ साली टेक्सासच्या ट्रॅक्ससने ‘टीआरएक्स-४’ आणली. या गाड्यांची घडण आणि त्यांच्याविषयी दिला जाणारा सल्ला बहुतांशी त्या कोरड्या मुलखातला आहे. आमच्याकडे शंभर इंचांवर पाऊस पडतो.

जांभ्याची एक खोड आहे. फ्रान्सिस ब्युकानन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याविषयी लिहिले. जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा हा दगड उघड्यावर येऊन हवा लागली की टणक होतो, हे त्याने टिपले. चिरे काढणाऱ्याला यात नवे काही नाही. क्रॉलरवाल्याला मात्र यातून एकाच खाणीत तीन वेगळे दगड मिळतात. नुकताच कापलेला चेहरा मऊ असतो. चाक फिरले की त्याची लाल पूड होते आणि ती पूड गोळ्यांसारखी टायरखाली घरंगळते. दहा-वीस वर्षे उघडी पडलेली जुनी भिंत काळपट, कडक आणि भोकाभोकांची. कोरडी असेल तर तिच्यासारखी पकड दुसऱ्या कशावर मिळत नाही. आणि जुलैतली तीच भिंत, शेवाळ धरलेली. तिच्यावर काहीच चालत नाही. इथल्या क्रॉलरवाल्यांचे निम्मे वाद याच तिसऱ्या दगडावरून असतात.

०००

टायरपासून सुरुवात करू, कारण नवशिका पैसे खर्च करतो मोटारीवर, आणि फरक पडतो टायरने.

या टायरांत हवा भरत नाहीत. रबराच्या आत फोमचे कडे असते आणि तेच हवेचे काम करते. १.९ इंची रिमवर चढणारा टायर बाहेरून साधारण सव्वाचार ते पावणेपाच इंचांचा. दगडाच्या टोकावर आला की तो दबला पाहिजे, टोकाला कवेत घेतले पाहिजे. अनवाणी पाऊल खडबडीत चिऱ्यावर बोटे रोवते आणि जाड तळव्याचा बूट नुसता टेकतो, तसला हा फरक. फोम फार कडक असेल तर टायर टोकावर डुगडुगतो. फार मऊ असेल तर आडव्या उतारावर बाजूने दुमडतो आणि गाडी हळूच कलंडते. म्हणून दोन थरांचा फोम वापरतात, आत घट्ट आणि बाहेर मऊ. आतला थर बाजूची भिंत तोलून धरतो, बाहेरचा दगडाशी जुळवून घेतो. विकत मिळतो तो महाग पडतो. पण योगासनांच्या चटईची पट्टी आतल्या थराला आणि गादीतला स्पंज बाहेरच्या थराला, असे घरी कापून बसवलेलेही उत्तम चालतात. स्पंजाला बाहेरून दातरे काढले की तो आणखी मऊ होतो.

पावसाचा खरा फटका इथेच बसतो. टायर दबला की आतली हवा बाहेर जायला आणि सुटला की परत आत यायला रिमला बारीक भोके ठेवलेली असतात. मोआबमध्ये त्या भोकांतून हवा येते-जाते. तांबोशाच्या चिरेखाणीत त्यांतून लाल पाणी आत जाते, स्पंज ते पिऊन बसतो, आणि अर्ध्या तासाने गाडी जडावल्यासारखी, चाके ओढल्यासारखी चालायला लागते. उचलून अंगठ्याने टायर दाबावा तर रिममधून गढूळ पिचकारी उडते. शिवाय चारही चाके सारखे पाणी पीत नाहीत. एक बाजू जड होते आणि काल चढलेली चढण आज चढत नाही. यावर इलाज असा: रिमची भोके सिलिकॉनने बुजवायची आणि टायरच्याच मधल्या रेघेवर तापवलेल्या सुईने दोन-तीन छिद्रे पाडायची. चाक फिरले की पाणी तिथून बाहेर फेकले जाते. स्पंजाऐवजी पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घातला तर आणखी बरे. तो जरा कडक लागतो एवढेच.

रबराच्या मऊपणाबद्दल मात्र माझे मत छंदातल्या सर्वसाधारण मताविरुद्ध आहे. सगळे सांगतात, मिळेल तितके मऊ रबर घ्या. शर्यतीच्या दिवसापुरते ते ठीक. पण एप्रिल-मेच्या उन्हात जांभा इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही. त्यात मऊ रबर आणखी मऊ होते आणि जुन्या भिंतीवरची कडक भोके त्याच्या कडा कानशीने घासल्यागत खातात. कडा गेली की टायर गेला, कारण ओल्या दगडावर जी थोडी पकड मिळते ती नक्षीच्या कडांचीच. म्हणून उन्हाळ्यात मध्यम रबर वापरावे. पावसाळ्यात मऊ रबर, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर धारदार पात्याने आडवे काप द्यावेत. एक ठोकळा दोन-तीन पापुद्र्यांत फाकतो आणि कडा वाढतात. नक्षी मात्र विरळ हवी. दाट नक्षीत लाल चिखल एकदा बसला की टायर गुळगुळीत झाला म्हणायचा.

टायर रिमला चिकटवण्याऐवजी बीडलॉक रिम घ्यावेत. कडेला एक कडे असते आणि ते बारीक स्क्रूंनी आवळून टायर पकडायचा. एका चाकाला डझनभर स्क्रू, आणि ते सगळे समोरासमोरचे असे आलटूनपालटून आवळायचे. कंटाळवाणे काम आहे. पण फोम बदलायचा, वाळवायचा, पुन्हा बसवायचा तर दुसरा मार्ग नाही, आणि इथे तो बदलावाच लागतो.

०००

शॉकअपचे काम काय, असे कुणालाही विचारले तर उत्तर येते की धक्के गिळणे. ते वेगाने जाणाऱ्या गाडीचे. सेकंदाला हातभरही न जाणाऱ्या गाडीला धक्का बसतोच कुठे? इथे स्प्रिंगचे आणि शॉकअपचे काम एकच, चारही चाके दगडाला टेकलेली ठेवणे. चंद्रयान-३ बरोबर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेला ‘प्रज्ञान’ पाहा. २६ किलोचा, सहा चाकांचा, सेकंदाला एक सेंटिमीटर चालणारा. त्याच्या चाकांना स्प्रिंग नाहीतच. रॉकर-बोगी नावाच्या सांध्यांच्या दांड्यांवर चाके बसवली आहेत. एक वर उचलले की दुसरे खाली दाबले जाते आणि वजन सगळ्यांवर वाटले जाते. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या ‘सोजर्नर’चीही हीच रचना.

क्रॉलरला चारच चाके आहेत, त्यामुळे तिला स्प्रिंग लागते, पण मऊ. आणि लागतो तो ‘ड्रूप’, म्हणजे चाकाला वर जायला जागा हवी त्याहून जास्त खाली लोंबायला हवी. गाडी सपाटीवर उभी केली की शॉकअप आधीच तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, दबलेले असावे. मग एक चाक खड्ड्यात गेले तर ते अधांतरी न राहता खाली जाऊन तळ शोधते. नवी गाडी डब्यातून काढली की ती चांगली ताठ, उंच, रुबाबदार उभी असते. तो रुबाब पहिल्यांदा उतरवायचा. स्प्रिंगवरची कॉलर सैल करायची, तेवढ्याने भागले नाही तर मऊ स्प्रिंग घालायची. गाडी इंचभर खाली बसली की देखणी दिसत नाही, पण आडव्या उतारावर ती उलटायची थांबते.

शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल असते आणि बाटलीवर ३०, ४० असे आकडे. आकडा मोठा तितके तेल दाट. ३० ते ४० च्या दरम्यान बहुतेकांचे जमते. पुढे थोडे दाट घातले तर दगडावरून उतरताना गाडी नाकावर आपटत नाही. पाणी आणि लाल माती दांड्याच्या सीलमधून आत गेली की तेल चहाच्या रंगाचे होते आणि शॉकअप करकरतो. पावसाळ्यात तेल वरचेवर बदलावे, हे इथले पहिले पथ्य.

आता वजन. मोटारीच्या शाळेत शिकवतात की स्प्रिंगच्या खालचे वजन, म्हणजे चाक, अ‍ॅक्सल, ब्रेक, जितके कमी तितके चांगले. वेगात जाणारे जड चाक खड्ड्यावर उसळते आणि पुन्हा टेकायला वेळ लावते. क्रॉलरमध्ये हा धडा पार उलटा होतो. इथे वेगच नाही, त्यामुळे उसळणे नाही. मग चाकात आणि अ‍ॅक्सलवर जितके वजन खाली जाईल तितका गाडीचा तोल खाली जातो. म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकांना पितळी तुकडे बसवतात, रिमच्या आत पितळी कडी घालतात. लेथवाल्याकडून गोल घासून घेतले तरी काम भागते. बॉडी उलट जितकी हलकी तितकी बरी. हल्ली थ्रीडी प्रिंटरवर थार आणि जिप्सीच्या बॉड्या हौसेने छापतात, दिसतात छानच, पण तो सगळा भार वर चढतो. जास्त वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर हवे, साधारण साठ-चाळीसच्या हिशेबाने. चढणीवर वजन आपोआप मागे सरकते, तेव्हा पुढच्या चाकांची शिदोरी आधी बांधून द्यावी लागते.

०००

डिचोलीत शॉकअप आणि टायर हे विषय पोरांच्या खेळातून आलेले नाहीत. या तालुक्याने कित्येक दशके लोहखनिज खोदले. शिरगाव, मये, पिळगाव, साखळी, पाळी इथून दहा टनी टिप्परांच्या रांगा सारमानससारख्या जेटींवर जात, तिथून बार्जने मांडवी नदीतून मुरगाव बंदरात. २०१०-११ साली गोव्याची खनिज निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. मग मधल्या काळात काही सुरू झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लिजेस रद्द होऊन मार्चात पुन्हा सगळे ठप्प. डिसेंबर २०२२ मधल्या लिलावात डिचोलीचा ब्लॉक वेदांताकडे गेला, २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. मधल्या वर्षांत अंगणाअंगणांत टिप्पर गंजत उभे होते. पण त्यांचे पाटे बदलणारे, रिमोल्ड टायर कुठला टिकेल ते बोटाने दाबून सांगणारे, क्राऊन-पिनियनचा आवाज लांबून ओळखणारे लोक गावातच आहेत.

अशाच एका जुन्या टिप्परवाल्या काकांसमोर गाडी ठेवली होती. त्यांनी आधी ती उलटी करून खालून पाहिली. मग एका बोटाने मागचा कोपरा दाबला आणि सोडला.

“हिचे पाटे खूपच मऊ केलेस रे.”

“दगडावर चाक सुटू नये म्हणून, काका.”

“ते खरे. भरलेल्या ट्रकाला मऊ पाटा घातलास तर तो बसतो, रिकाम्याला कडक घातलास तर तो उडतो. तुझी तर जन्माची रिकामी.” मग पुढचा कोपरा दाबला. “पण हा उजवा आणि हा डावा सारखा उठत नाही. चढताना एक बाजू उचलते का?”

उचलत होती. त्यांनी बोटाने जे पकडले त्याला छंदवाले ‘टॉर्क ट्विस्ट’ म्हणतात. मोटार आणि प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतात. चढणीवर जोर लावला की शाफ्ट अ‍ॅक्सलला एका बाजूला पिळतो आणि चासी उलट बाजूला कलते. एक पुढचे चाक हलके होते, आणि नेमक्या नाजूक जागी तेच सुटते. टीआरएक्स-४ सारख्या गाड्यांत पोर्टल अ‍ॅक्सल असतात; शेवटची गिअरकपात चाकाजवळ होत असल्याने शाफ्टवरचा जोर कमी राहतो आणि हा पीळ जाणवत नाही. साध्या अ‍ॅक्सलच्या गाडीला मागची एक स्प्रिंग दुसरीहून किंचित कडक घालावी लागते. कुठली, ते गाडीगणिक बदलते. चढणीवर तिच्या मागे बसून पाहावे. काकांचा तोडगा वेगळा होता. बॅटरी चार बोटे बाजूला सरकव, म्हणाले. सरकवली. निम्मा पीळ गेला, फुकटात.

०००

सगळ्यात बारीक काम लिंकांचे. मागचा अ‍ॅक्सल चार दांड्यांनी चासीला बांधलेला असतो, दोन खाली, दोन वर. चासीवर वरच्या दांड्यांसाठी एकाखाली एक अशी दोन-तीन भोके असतात. पुष्कळ जण त्यांकडे कधी बघतही नाहीत.

धारगळच्या बाजूला एका सोडून दिलेल्या चिरेखाणीत चिरे काढलेल्या जागी पायऱ्याच राहिल्या आहेत, वीतभर उंचीच्या, कडा सरळ कापलेल्या. खरा दगड कुठे असा काटकोनात नसतो, म्हणून परीक्षेला ही जागा फार चांगली. गाडी पायरीला नाक लावते, पुढची चाके कड पकडतात, वर जातात. मग गाडीचे पोट कडेवर येते आणि मागची चाके भिंतीशी झोंबू लागतात. या घडीला मागचा भाग खाली दबला तर नाक वर जाते आणि गाडी सरळ पाठीवर पडते. दांड्या वरच्या भोकात असताना हेच होत होते. एक भोक खाली घेतल्या. आता जोर लावला की मागची बाजू दबण्याऐवजी चाकांवर ताठ राहते, चाके भिंतीत रुततात आणि गाडी चढते. आणखी एक भोक खाली घेतल्यावर मात्र ती मागून उसळ्या मारायला लागली; चाक पकडते, उडते, पुन्हा पकडते. म्हणजे मधले भोक. एवढ्यासाठी दोन मिलिमीटरची चावी आणि अर्धा दिवस. मोटार बदलून हे कधीच साधले नसते. मोटारीचे म्हणाल तर साधी ब्रश मोटार, ३५ किंवा ५५ वेढ्यांची, पुरते. वेढे जास्त तितकी ती हळू आणि चिवट.

पावसाळ्यात मोठ्या गाड्यांचाही इथे मेळा भरतो. मलेशियात लुईस वी यांनी १९९७ साली सुरू केलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा कूगर मोटरस्पोर्टने २०१४ साली गोव्यात आणली, तीही मुद्दाम भर पावसात. तिथे लाल चिखलात उलटणाऱ्या जीप पाहिल्या की लक्षात येते की मोठ्यांचा भरवसा शेवटी विंचवर असतो. टायरने सोडले की तार झाडाला बांधून गाडी ओढून घ्यायची. लहान गाड्यांनाही विंच मिळते, लोक लावतातही. मला ती पळवाट वाटते. पण शेवाळलेल्या भिंतीवर माझ्याकडेही दुसरे उत्तर नाही. मऊ टायर, काप दिलेली नक्षी, पितळ, सगळे करून पाहिले तरी शेवाळावरून चाक घसरतेच. चाक जोरात फिरवून शेवाळ खरवडायचे आणि खालच्या दगडाला टेकायचे, असे काही जण करतात. चालते, पण मोटार तापते. बाकीचे शेवाळाला वळसा घालून जातात.

जागेबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. सडे उन्हाळ्यात उजाड दिसतात म्हणून ते रिकामे नव्हेत. जून ते सप्टेंबर तिथे मातीच्या पातळ थरावर दवबिंदूसारखी कीटकभक्षी रोपटी आणि सीतेची आसवे फुलतात. अडीच किलोच्या गाडीची चाकेही तो थर उकरून काढतात. मोप्याच्या सड्याचा मोठा भाग तर विमानतळाखाली गेलाच आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडतात. उरलेले सडे पावसात तरी सोडावेत. चिरेखाणीत जावे, पण मालकाला विचारून आणि पाणी साठलेल्या खाणीपासून लांब. या खाणींना सरळ उभ्या भिंती असतात, पाणी गढूळ, तळ दिसत नाही, आणि माणसे बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. गाडी पाण्यात पडली तर ती तिथेच राहू द्यावी. दिवाळीनंतर पाणी ओसरते, भिंती वाळतात, शेवाळ काळे पडून सुटते. तेव्हा पावसाळी फोम काढून दोन थरांचा घालायचा, मऊ टायर डब्यात ठेवायचे आणि शॉकअपमध्ये ताजे तेल भरायचे.